पायांविना पादुका

वजन डोळ्यांना दिसत नाही. रंग दिसतो, आकार दिसतो, शिवणही दिसते. पण वस्तू किती हलकी आहे हे ती उचलल्याशिवाय कळत नाही, आणि बुटाच्या बाबतीत उचलूनही पुरते कळत नाही. तळहातावर तोललेला बूट आणि पायात घालून पळालेला बूट तराजूवर सारखाच भरेल, पायाला मात्र तो वेगळा लागतो. या साध्या गोष्टीतून एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या वस्तूचा मुख्य गुण वापरल्याखेरीज अनुभवालाच येत नाही, ती वापरायची नाही असे ठरवून जपणाऱ्याने नेमके काय जपले? स्नीकर जमवणाऱ्यांच्या जगात हा प्रश्न रोजचा आहे, फक्त तिथे तो तत्त्वज्ञानाच्या भाषेत कुणी विचारत नाही. तिथला सर्वांत मानाचा शब्द आहे ‘डेडस्टॉक’: कारखान्यातून निघाला तसाच असलेला, पायात कधीच न गेलेला जोड. व्यापाऱ्यांच्या बोलीत हा शब्द न खपलेल्या, गोदामात पडून राहिलेल्या मालासाठी होता. पडून राहण्याची पदवी संग्राहकांनी केली. हलक्या बास्केटबॉल बुटाच्या बाबतीत ही पदवी भलत्याच गुणाला दिली गेली आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते तपासताना वस्तूवर जीव कसा लावावा या जुन्या प्रश्नापाशी जावेच लागते, ज्याचा काथ्याकूट धर्मांनी आणि दर्शनांनी शतकानुशतके केला आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच बूट घेऊ: नाइकीचा झूम कोबी ४. (मराठी कानाला हे नाव भाजीमंडईची आठवण करून देते, त्याला इलाज नाही.) लॉस एंजेलिस लेकर्सचा कोबी ब्रायंट आणि आरेखनकार एरिक अव्हार यांनी २००८च्या अखेरीस तो लोकांपुढे आणला. बास्केटबॉलचा बूट घोट्याच्या वर चढलेलाच हवा, हा समज तेव्हा बराच पक्का होता. ब्रायंटच्या लहानपणाची काही वर्षे इटलीत गेली होती. वडील तिथल्या क्लबांकडून बास्केटबॉल खेळत आणि मुलगा आजूबाजूचा फुटबॉल पाहत वाढला. त्याचा तर्क सरळ होता. फुटबॉलपटूंचे घोटे इतका ताण सोसतात, तरी त्यांचे बूट घोट्याखालीच संपतात. मग आमचेच का नाही? कोबी ४ घोट्याखाली कापला गेला. वरच्या भागावर थरांमागून थर चढवण्याऐवजी त्यात झुलत्या पुलाच्या तारांसारखे बारीक, चिवट धागे ताणले होते. जिथे ओढ बसते तिथेच आधार, बाकी जागा मोकळी. पुरुषांच्या अमेरिकी नऊ नंबरात तो ११.६ औंस, म्हणजे सुमारे ३३० ग्रॅम भरला. त्याच वर्षी आलेला आणि हलका म्हणूनच गाजलेला हायपरडंक १३ औंसांचा होता. चाळीसेक ग्रॅमचा हा फरक वाण्याच्या तागडीत कुणी मोजणार नाही. पण पायाच्या टोकाला बांधलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे आणि थांबवावे लागते; दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावताना लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते, असे प्रयोगांत आढळले आहे. आणि उंच कॉलर घोटा वाचवते, हे गृहीतही तोवर तपासले गेले होते: १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६२२ खेळाडूंना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे उंच आणि बुटके बूट वाटून दिले, तेव्हा घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठळक फरक सापडला नाही. म्हणजे उंच कॉलर हा बऱ्याच अंशी श्रद्धेचा भाग होता. तो काढून टाकायला आकडेवारीपेक्षा धाडस जास्त लागले. २ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रायंटने ६१ गुण केले, आणि त्या हंगामाच्या शेवटी लेकर्सने अजिंक्यपद घेतले, तेव्हा ही श्रद्धा लोकांच्या डोळ्यांदेखत सुटली.

हा बूट वजाबाकीने घडला आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा खुंटा इथेच रोवलेला आहे. वजन कमी करणाऱ्याला प्रत्येक थराला विचारावे लागते: तू नसलास तर काय बिघडेल? कॉलर गेली, अस्तर पातळ झाले, चामडे गेले, शिवणीच्या जागी गोंद आला. दोन-अडीच वर्षांत आदिदासने क्रेझी लाइट ९.८ औंसांपर्यंत, म्हणजे २८० ग्रॅमच्याही खाली नेला. या साऱ्या वजाबाकीत आणखी एक गोष्ट गळून पडली, जिची जाहिरात कुणी केली नाही: दीर्घायुष्य. कोल्हापुरी चप्पल तेल पाजून वर्षानुवर्षे वापरता येते, कारण तिच्यात चामड्याचा ऐवज आहे. फोम म्हणजे बहुतांशी कोंडलेली हवा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ज्या एअर जॉर्डन बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे होते, ते आज पेटीतून काढले तर बोटाखाली भाकरीच्या पापुद्र्यासारखे चुरतात. हवेतला दमटपणा त्या रसायनाच्या साखळ्या आतून तोडत राहतो, बूट घाला किंवा न घाला. पुष्कळ संग्राहक तर सांगतात की अधूनमधून घातलेला जोड पेटीत निजवलेल्या जोडापेक्षा जास्त टिकतो. नंतरचे फोम पाण्याला इतके भीत नाहीत, पण त्यांचीही उसळी मंदावते, गोंद सुटतो, पारदर्शक रबर पिवळे पडते. तेव्हा न घातलेला बूट काळाच्या बाहेर राहतो ही समजूत आधी सोडली पाहिजे. तोही झिजतोच, फक्त त्याच्या झिजण्याचा कुणाला उपयोग होत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने कलाकृतीच्या उगमावरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात व्हॅन गॉगने रंगवलेल्या जोड्यांचे उदाहरण घेतले आहे. त्याने ते एका शेतकरी बाईचे मानले. पुढे १९६८ साली कलेतिहासकार मायर शापिरो याने ते चित्रकाराचे स्वतःचेच होते असे मांडून त्याची चूक काढली. बूट कुणाचे हा वाद बाजूला ठेवला तरी हायडेगरचा मूळ मुद्दा उरतोच. शेतात काम करताना बाईचे लक्ष जोड्यांकडे जितके कमी, तितके ते जोडे खरे जोडे असतात. साधन जेव्हा चोख काम करते तेव्हा ते नजरेतून नाहीसे होते. टोचायला लागले की दिसू लागते. हलका बूट म्हणजे ही कल्पना टोकाला नेऊन केलेली वस्तू आहे. खेळाडूला आपल्या पायात काही आहे याचा विसर पडावा, यासाठीच तिच्यातला एकेक ग्रॅम खरवडला. काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवल्यावर नेमके उलटे होते. विसरला जावा म्हणून केलेल्या वस्तूकडे आपण टक लावून पाहत बसतो, आणि पाहतो ते काय, तर तिचा रंग, जो हव्या त्या जड बुटालाही देता आला असता.

यावर पहिला आक्षेप जाणकार संग्राहकाचा येईल, आणि तो हलका नाही. तो म्हणेल, पाहणे हाही उपभोगच आहे. वीणेचे लाकूडकाम पाहायला वीणा वाजवता यावी लागत नाही. सुऱ्याची मूठ पाहून कारागीर ओळखता येतो. कोबी ४च्या बाजूवरचे ते धागे, मागची टाच, घोट्याखालचा तो उतार यांत एक बुद्धी दिसते आणि तिला दाद देता येते. टोरांटोच्या बाटा शू म्युझियमने २०१३ साली स्नीकरच्या इतिहासावर मोठे प्रदर्शन भरवले. ते बूट कुणी पायात घालून पाहावेत अशी अपेक्षा करणे वेडेपणाचे ठरेल. मला हे मान्य आहे. एखादी तरी प्रत न वापरता राखावी, तिच्यावरून पुढच्यांनी शिकावे, ही संग्रहालयाची जबाबदारी आहे, आणि ते ती सर्वांच्या वतीने, सर्वांसाठी पार पाडते. खासगी कपाटातल्या तीनशे पेट्या कुणाच्या वतीने राखल्या जातात? शिवाय वीणेचा दाखला आक्षेप घेणाऱ्यावरच उलटतो. लाकूडकामाची दाद देणारा जाणकार शेवटी विचारतोच, की हिचा नाद कसा आहे. ज्याला हा प्रश्न सुचतच नाही, त्याला आपण लाकडाचा शौकीन म्हणू. वीणेचा म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरातून येतो आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे पायतणाची गंमतच आहे. एरवी ते सर्वांत हीन. देवळाबाहेर काढायचे, जेवणाच्या जागी आणायचे नाही, आणि ते बनवणाऱ्या माणसालाही गावाने वेशीबाहेर ठेवले. वहाणेची जागा पायातच, ही म्हण तर वहाणेपेक्षा माणसांना त्यांची जागा दाखवण्यासाठीच जास्त वापरली गेली. पण तीच वहाण पादुका झाली की मस्तकी जाते. भरताने रामाच्या पादुका चौदा वर्षे सिंहासनावर ठेवल्या. त्या त्याने पायात घातल्या नाहीत. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली, ती प्रथा आजही चालू आहे. मग एखाद्याने ब्रायंटचा बूट न घालता पुजला तर बिघडले कुठे? हे समजून घ्यायला वाल्मीकीकडे नीट पाहावे. भरत सोन्याने मढवलेल्या पादुका पुढे करतो तेव्हा आधी रामाला त्यांवर पाय ठेवायला सांगतो. राम त्या पायात घालतो, काढतो, मग देतो. कोऱ्या पादुका भरताला नको होत्या. आणि वनवास संपल्यावर त्याच पादुका तो स्वतःच्या हातांनी रामाच्या पायांत घालतो. मधली चौदा वर्षे ही ठेव होती, मालकी नव्हती. तुकोबांच्या पालखीतल्या पादुका चांदीच्या आहेत, त्या तुकोबांच्या पायांतल्या नाहीत, हे खरेच. पण त्या देवघरात बसूनही राहत नाहीत. दर आषाढीला लाखो अनवाणी आणि चपला घातलेले पाय त्यांना चालवत पंढरपूरला नेतात. आपल्या परंपरेत पादुका पूज्य होते ती पायांमुळे, मागे पडलेल्या किंवा पुढे चालणाऱ्या. ज्यात कुणाचाच पाय गेला नाही आणि जाणारही नाही, अशा जोडाला तिच्यात जागा सापडत नाही. आदर आणि वापर यांचे वैर असते असेही नाही. गांधींनी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात स्वतः केलेल्या चपला १९१४ साली त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या जनरल स्मट्सला भेट दिल्या. स्मट्सने त्या अनेक उन्हाळे वापरल्या, आणि १९३९ साली, गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्या घालण्याची आपली योग्यता नाही असे कळवून परत केल्या. योग्यता नाही हे त्याला वापरून कळले.

बाजारही, त्याच्या नकळत, याच बाजूने साक्ष देतो. २०२३ साली सदबीजच्या लिलावात मायकेल जॉर्डनचे बूट २२ लाख डॉलरांना गेले. ते कोरे नव्हते. १९९८च्या एनबीए अंतिम मालिकेतला एक सामना तो त्यांत खेळला होता. म्हणजे ज्या जगात एका सुरकुतीने किंमत घसरते, त्याच जगात सर्वोच्च किंमत घाम मुरलेल्या बुटाला मिळते. यावर कुणी म्हणेल की तो घाम जॉर्डनचा होता, तुमचा-आमचा नाही. बरोबर, पण मग कोरेपणा हा मूळचा गुण नाही, हे मान्य झाले. कोऱ्या बुटाची किंमत ही पुढच्या गिऱ्हाइकासाठी राखलेली जागा आहे. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्रा’त नेमके पायतणाचेच उदाहरण घेतले होते: त्याचे दोन उपयोग, घालणे आणि मोबदल्यात देणे, दोन्ही त्याचेच, पण दुसऱ्यासाठी ते घडवलेले नसते. जो संग्राहक सुरकुतीला भितो तो बहुधा हा दुसरा उपयोग राखत असतो, मग त्याच्या मनात विकण्याचा विचार असो वा नसो. त्याच्या प्रेमाला सतत एका काल्पनिक खरेदीदाराच्या नजरेतून पाहण्याची सवय लागलेली असते. प्रेमात तिसरा माणूस असा येऊन बसलेला फार थोड्यांच्या लक्षात येतो.

राहिला प्रतिकृतींचा प्रश्न. कंपन्या जुने बूट पुन्हा काढतात. नाइकीने २०१८पासून ब्रायंटच्या मालिकेतले बूट ‘प्रोट्रो’ नावाने आणले, म्हणजे रूप जुने आणि आतली गादी नव्या तंत्राची. कोबी ४चा प्रोट्रो २०१९ साली आला. याशिवाय संग्राहकांत सोल बदलण्याची कला आहे: जुन्याचा चुरलेला सोल काढायचा आणि नव्या प्रतिकृतीचा लावायचा. मग तो बूट तोच का? मिलिंद राजाला बौद्ध भिक्खू नागसेनाने हाच प्रश्न रथावरून विचारला होता. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. कशालाच नाही म्हणावे लागले, आणि तरी राजा रथातून आला होता, हे खोटे नव्हते. रथ हे नाव भागांच्या जुळणीला आणि तिच्या चालण्याला दिलेले आहे. बुटालाही हे उत्तर लागू पडते, असे मला वाटते. कोबी ४ हा कुठल्यातरी पेटीत दडलेला मूळ फोम नाही; तो पायाखालचा विशिष्ट बुटकेपणा, विशिष्ट हलकेपणा, वळताना जमिनीशी असलेली जवळीक आहे. प्रोट्रो ती देत असेल तर त्याला कोबी ४ म्हणायला हरकत नसावी. पहिल्या खेपेचा अस्सल पण थकलेला जोड ती देत नसेल, तर त्याचे अस्सलपण कागदोपत्री उरते. इतिहासकाराला त्या कागदाची गरज असते, हे मी वर मान्य केलेच आहे.

आता उलट बाजूने कुणी विचारेल की एवढे सांगण्यापेक्षा जमवूच नका म्हणा; अपरिग्रह सांगणाऱ्या देशात चाळीस जोड बुटांचे समर्थन कशाला? इथे मला जैन आचार्य उमास्वातींचा आधार वाटतो. तत्त्वार्थसूत्रात त्यांनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर बांधली नाही. तिथे परिग्रह म्हणजे मूर्च्छा, वस्तूपायी शुद्ध हरपणे. ही व्याख्या साधूसाठी कडक आणि गृहस्थासाठीही गैरसोयीची आहे, कारण आकड्यामागे लपायची सोय ती ठेवत नाही. एकाच जोडापायी माणूस मूर्च्छित असू शकतो. चाळीस जोड आळीपाळीने घालणारा, झिजले की सोडून देणारा, मित्राला एखादा देऊन टाकणारा त्या मानाने शुद्धीवर असतो. (चाळीस हा आकडा तरीही मला जरा जास्तच वाटतो, पण तो तत्त्वाचा भाग नाही.) आणि घातले तर संपेल, ही भीती? हो, संपेल. संपण्याची किंमत देऊनच हलकेपणा मिळवलेला होता. वजाबाकी करणाऱ्याने हा सौदा उघड केला होता. तो नाकारून वस्तू अमर व्हावी असे म्हणणे म्हणजे मोगऱ्याच्या फुलाने सागवानासारखे टिकावे असा हट्ट धरणे.

सर्वांत अवघड आक्षेप स्मृतीचा आहे आणि त्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकेन असे वाटत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात हेलिकॉप्टर कोसळून ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सात जण गेले. त्यानंतर कित्येकांनी आपले जोड पेटीत परत ठेवले. त्यामागे पैसा होता असे म्हणणे अन्याय होईल. भरताला ठाऊक होते की चौदा वर्षांनी पाय परत येतील. इथे ते येणार नाहीत. मग ठेव परत कुणाला करायची? माणूस गेल्यावर त्याची वस्तू हलवू नये असे वाटते, घड्याळ बंद करून ठेवावेसे वाटते, हे दुःखाचे जुने वळण आहे आणि युक्तिवादाने ते मोडत नाही. इतकेच म्हणता येईल की हा बूट त्या एका माणसाच्या पायासाठी कापला असला तरी विकला सर्वांच्या पायांसाठी गेला, आणि त्याने मागितलेली गोष्ट, घोट्याखालचे मोकळेपण, आज खेळणाऱ्या अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. डीमार डीरोझनसारखे खेळाडू वर्षानुवर्षे त्याच्याच मालिकेतले बूट घालून उतरतात. सामन्यात शिटी वाजते, कुणीतरी फ्री थ्रोसाठी रेषेवर जातो, आणि तेवढ्या वेळात बाजूला उभा असलेला एखादा खेळाडू एका पायावर तोल सांभाळत दुसरा बूट वर उचलतो. सोलवर बसलेली धूळ तो तळहाताने पुसतो, दुसऱ्याचीही पुसतो, आणि पाय खाली टेकवतो.